हरलेला भिडू उद्या परत यावा म्हणून: सोशल गेमिंग प्लॅटफॉर्मची फेररचना कशी करावी

आखाजीला (अक्षय तृतीयेला) पत्ते बसले नाहीत असं गाव खान्देशात शोधूनच काढावं लागेल. तिकडे माहेरवाशिणी झोक्यावर, इकडे निंबाखाली डाव. या डावांत एक नियम कुणी कुणाला शिकवत नाही, पण मोडतही नाही: जो पानं पिसतो, तो स्वतः काटत नाही. कॅट शेजारच्यापुढे धरायचा, त्याने काटायचा, मग वाटायचं. काटणाऱ्याला पिसणाऱ्याचा संशय असतोच असं नाही. पण एकदा काटलं की हरल्यावर कुरकुरायला जागा राहत नाही.

मोबाईलवर पिसणं, काटणं आणि वाटणं तिन्ही एका सर्व्हरच्या पोटात होतं. खेळणाऱ्याला दिसतात ती फक्त आपली तेरा पानं. संशय यायला एवढं पुरेसं आहे.

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जळगाव-धुळ्याकडची पाच-सात जणांची टीम आहे. मेंढीकोट, झब्बू, लुडो असे खेळ असलेलं, दोन-तीन वर्षं चाललेलं ॲप. खेळणारे काही हजार. त्यातले निम्मे चोपडा, साक्री, शहाद्याकडचे आणि उरलेले पोटापाण्यासाठी सुरत, उधना, पुणे, नाशिकला गेलेले. ॲप डाउनलोड होतं, पण माणूस टिकत नाही. अभिप्रायांत 'सगळं सेट आहे', म्हणजे निकाल आधीच ठरवलेला आहे, ही एकच रड. अशा वेळी टीमला पहिले सुचतात नवे रंग, नवा लोगो आणि रोजची बक्षिसं. मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगेन. जिंकलेला माणूस कुठल्याही ॲपवर खूशच असतो. प्लॅटफॉर्मची परीक्षा घेतो तो हरलेला माणूस. 'हरलो, पण सरळ हरलो' असं त्याला वाटलं तरच तो उद्या येईल. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

पायरी १: आपण नेमकं काय चालवतोय ते ठरवा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्यात खेळांचे तीन कप्पे आहेत: ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्यावर सरळ बंदी. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद इथे कामाला येत नाही. मनी गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

'आम्ही कुठे पैसे लावतो, आमच्याकडे तर कॉईन आहेत' असं म्हणून सुटता येत नाही. पैशासारख्या किंवा पैशात बदलता येणाऱ्या गोष्टींच्या व्याख्येत या कायद्याने क्रेडिट, कॉईन आणि टोकनही धरले आहेत, आणि खेळासाठी थेट किंवा आडमार्गाने पैसे मोजून घेतलेली वस्तूही त्यात येते. म्हणजे ९९ रुपयांचं कॉईनचं पाकीट विकायचं, तेच कॉईन टेबलावर लावायला सांगायचे आणि जिंकणाऱ्याला चौघांचे द्यायचे, ही जुन्या ॲपांतली सर्रास रचना आता अंगाशी येऊ शकते. जिंकलेल्या कॉईनवर मोबाईल रिचार्ज किंवा कुपन देत असाल, तर धोका आणखी मोठा.

वर्गणी किंवा एकदाच घ्यायचं प्रवेशशुल्क सोशल गेमला चालतं, फक्त ते पणाच्या स्वरूपाचं नसावं. म्हणून फेररचनेचा पहिला निर्णय असा घ्या: टेबलावर कॉईन लावणं बंद. जिंकल्यावर गुण मिळतील. ते विकत मिळणार नाहीत, विकता येणार नाहीत आणि दुसऱ्याला देताही येणार नाहीत. पैसे घ्यायचे ते मासिक वर्गणीचे, नाहीतर पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीसारख्या शोभेच्या वस्तूंचे. एकदा वकिलाकडून हे तपासून घ्या. ही फी कुठल्याही जाहिरातीपेक्षा स्वस्त पडते.

याने काही खेळाडू जातील. पैशाच्या आशेने आलेले तसेही तुमचे नव्हते.

पायरी २: तक्रारी वाचा आणि खेळणाऱ्याशेजारी बसा

मागच्या सहा महिन्यांतल्या सगळ्या तक्रारी एका तक्त्यात काढा आणि हाताने गठ्ठे करा. बहुतेक ठिकाणी पाच गठ्ठे पडतात: पानं किंवा फासा सेट आहे, नेट गेलं आणि मला हरवलं, पैसे कापले पण काही मिळालं नाही, समोरचा घाण बोलला, आणि समोर माणूस नव्हताच तर बॉट (माणसाऐवजी खेळणारा प्रोग्रॅम) होता. कोणता गठ्ठा मोठा आहे त्यावर पुढे जोर कुठे लावायचा ते ठरेल. हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊ नका. ज्याने कोड लिहिला त्यानेच वाचावं. खेळणाऱ्याची भाषा जशीच्या तशी कानावर पडली की काम बदलतं. 'फासा खोटा शे' हे तीन शब्द 'रँडमनेसबाबत समाधान कमी' या ओळीपेक्षा बरंच जास्त सांगतात.

मग दहा-बारा खेळणाऱ्यांशेजारी बसा: कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, एसटी स्टँडवर, घरी. मत विचारू नका, खेळताना बघा. हरल्यावर बोट कुठे जातं? परत डाव मांडतो, की मागचं बटण दाबून बाहेर पडतो? एकच प्रश्न विचारा: 'शेवटी हरलात तेव्हा नंतर काय केलंत?'

आणि काहीही बदलायच्या आधी आजचे आकडे लिहून ठेवा. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तयार डॅशबोर्डवर सापडत नाही, तो स्वतः काढावा लागतो: हरून ॲप बंद केलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी आले. सोबत दर हजार डावांमागे किती तक्रारी आल्या आणि नवा माणूस सातव्या व तिसाव्या दिवशी आहे का, तेही नोंदवा.

पायरी ३: डाव सरळ असावा, आणि तो सरळ आहे हे दिसावंही

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

आधी फाशाचं गणित. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. सरळ फाशावर एका खेळाडूला सलग दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. आता चौघं खेळतायत. चौघांपैकी निदान एकाला पहिल्या दहा फेकींत सहा न पडण्याची शक्यता निघते ५० टक्क्यांच्या किंचित वर. म्हणजे फासा शंभर टक्के प्रामाणिक असला, तरी जवळजवळ दर दुसऱ्या डावात कुणीतरी एक जण दहा फेकी नुसता बसून आहे आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतो आहे.

यावर दोन मार्ग आहेत. एक, नियम उघडपणे बदलायचा: सलग पाच वेळा सहा आला नाही तर सोंगटी आपोआप बाहेर. हे चौघांना सारखं लागू असतं आणि डाव सुरू होण्याआधी सांगितलेलं असतं, त्यामुळे चालतं. दुसरा मार्ग म्हणजे गुपचूप फाशाला वळण द्यायचं: नव्या माणसाला जरा जास्त सहा, जिंकत आलेल्याला जरा कमी, म्हणजे डाव 'रंगतो'. हे कधीच करू नका. आठवडाभर आकडे छान दिसतील, पण चार जण शेजारी बसून खेळले की लबाडी उघडी पडते. त्यानंतर तुमच्या खऱ्या फाशावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता पत्ते. ५२ पानं जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात, तो आकडा ८ वर ६७ शून्यं एवढा आहे. पण प्रोग्रॅमिंग भाषेतलं साधं रँडम फंक्शन ३२ बिटांच्या बीजावर (ज्या सुरुवातीच्या आकड्यातून पुढचे सगळे आकडे निघतात त्यावर) चालत असेल, तर त्यातून फार तर ४२९ कोटी क्रम निघतात. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर प्रणालीचं असंच झालं होतं. बीज घेतलं होतं मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून; दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. संशोधकांनी स्वतःचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून पर्याय आणखी कमी केले आणि मोजकी पानं पाहून बाकीच्यांच्या हातातली पानं ओळखली. गंमत म्हणजे त्या कंपनीने आपली पिसण्याची पद्धत आपणहून जाहीर केली होती, आम्ही किती प्रामाणिक आहोत ते दाखवायला.

तुम्ही काय करायचं ते थोडक्यात: पिसणं फोनवर नाही, सर्व्हरवर. पद्धत फिशर-येट्सची, कारण ती नीट लिहिली तर प्रत्येक क्रमाला सारखी संधी देते. आणि यादृच्छिक आकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा दर्जाच्या स्रोतातून. इतरांची पानं डाव संपेपर्यंत कुणाच्याही फोनवर पाठवू नका, लपवूनसुद्धा नाही. फोनवर आलेली गोष्ट कुणीतरी वाचतोच.

एवढ्याने डाव सरळ झाला, पण ते खेळणाऱ्याला दिसलं नाही. त्यासाठी निंबाखालचं काटणं परत आणायचं. ते असं:

१. डाव सुरू होण्याआधी सर्व्हर एक गुप्त आकडा ठरवतो आणि त्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, चौघांना पाठवतो. हॅशवरून आकडा कळत नाही, पण नंतर तो बदलताही येत नाही.

२. चारही फोन आपापला यादृच्छिक आकडा ठरवतात आणि तेही आधी फक्त हॅश पाठवतात.

३. सगळ्यांचे हॅश पोचल्यावर फोन आपले आकडे उघड करतात. सर्व्हर पाचही आकडे मिसळून त्यावर कॅट पिसतो.

४. डाव संपल्यावर सर्व्हर आपला आकडा उघड करतो. आता कुणीही तेच गणित करून तीच पानं आली का ते पाहू शकतो.

वरच्या यादीतला दुसरा मुद्दा बरेच जण गाळतात, फोनकडून थेट आकडा घेतात. मग सर्व्हरशी संगनमत असलेला चौथा खेळाडू बाकीच्यांचे आकडे येईपर्यंत थांबून, आपल्याला सोयीचा क्रम येईल असा आकडा देऊ शकतो. ती फट बुजवूनच टाका. आणि आकडा उघड करायच्या वेळी एखादा फोन गायब झाला, तर तो डाव रद्द करून नवे आकडे घ्या.

स्क्रीनवर मात्र यातलं काहीच दाखवू नका. खेळणाऱ्याला हॅश नको असतो. वाटण्याआधी कॅट समोर येतो, तो बोटाने हवा तिथे काटतो. त्या बोटाच्या जागेतूनच फोनचा आकडा आणखी घोळवा. डाव संपला की निकालाखाली एक ओळ: 'हा डाव तपासा'. दाबलं की चौघांची सुरुवातीची पानं, प्रत्येक हात कुणी नेला, दश्श्या कुठे गेल्या, आणि तळाशी गणित जुळल्याची खूण. शंभरात दोन जणही ते उघडणार नाहीत. पण उघडता येतं हे सगळ्यांना माहीत असतं. काटायचा मान मिळालेल्यांतही खऱ्या डावात निम्मे जण नुसता कॅटला हात लावून 'वाट' म्हणतात.

राहिले समोरचे भिडू. नवख्याला सराईतासमोर बसवलं की पानं कितीही सरळ असोत, त्याला फसवल्यासारखंच वाटणार. बुद्धिबळातलं एलो रेटिंग माहीत असेल. कमी डाव खेळलेल्यांना ग्लिको ही रेटिंग पद्धत बरी पडते, कारण त्यात रेटिंगसोबत ते किती भरवशाचं आहे हेही मोजलं जातं. मेंढीकोटमध्ये लबाडीची जागा वेगळी आहे. दोघं भिडू बाजूला फोन लावून एकमेकांना हुकूम सांगतात. ती पकडण्यापेक्षा जागाच काढून घ्या: ओळखीचं टेबल वेगळं, क्रमवारीचं टेबल वेगळं. ओळखीच्या टेबलावर खुणा करा, ओरडा, काहीही करा, पण रेटिंग हलणार नाही. क्रमवारीच्या टेबलावर भिडू ॲप ठरवेल.

आणि बॉट. रात्री दोनला चौथा माणूस मिळत नाही, तेव्हा बॉट बसवायला हरकत नाही. पण त्याला बॉट म्हणा. त्याला बाईचं नाव आणि फुलाचा फोटो देऊन बसवणारी ॲपं आहेत. ज्या दिवशी खेळणाऱ्याला ते कळतं, त्या दिवसापासून त्याला प्रत्येक माणूस बॉट वाटतो.

पायरी ४: नेट जाणारच, हे धरून चाला

सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत बसून खेळणाऱ्याचं नेट नंदुरबार ते दोंडाईचा कितीदा तरी जातं-येतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तर सिग्नल असणं हीच बातमी. आपल्याकडे नेट तुटणं अपवाद धरून बनवलेला गेम चालत नाही.

डावाची खरी स्थिती कायम सर्व्हरवर ठेवा. फोन परत जोडला की पहिल्यापासून सगळं न मागता तुटल्यानंतरच्या चालीच त्याने मागाव्यात. नेट गेलेल्याला साठ-सत्तर सेकंद द्या आणि बाकी तिघांना स्पष्ट सांगा: 'भिडूचं नेट गेलंय, थांबलोय', शेजारी उलटी मोजणी. रिकामं फिरतं चक्र दाखवू नका. चक्र पाहिलं की माणूस ॲप बंद करतो आणि आणखी एक भिडू जातो. वेळ संपली तर त्याच्या वतीने उतारीच्या रंगाचं सगळ्यांत लहान पान टाका. हा नियमही आधीच जाहीर असू द्या.

हरायला लागल्यावर मुद्दाम नेट बंद करणारे असतातच. एका डावावरून ते ओळखू नका. वीस-तीस डावांत कुणी फक्त हरतानाच गायब होत असेल, तर ती लबाडी आहे. जिंकताना आणि हरताना सारखाच तुटत असेल, तर बिचाऱ्याचा टॉवर खराब आहे. या दुसऱ्याला शिक्षा झाली तर तुम्ही एक प्रामाणिक माणूस गमावलात.

ॲपचा आकार आणि जुन्या फोनवरचा वेग हाही विश्वासाचाच भाग आहे. तीन-चार वर्षं जुना, स्टोरेज भरलेला फोन एक ऑफिसात ठेवा आणि प्रत्येक आवृत्ती आधी त्यावर चालवा.

पायरी ५: पैशाचा व्यवहार

यूपीआयमध्ये व्यवहार यशस्वी आणि अयशस्वी यांच्या मध्येही अडकतो, आणि भांडणं होतात ती तिथेच. 'पेमेंट फेल' असं लगेच दाखवू नका. 'बँकेकडून उत्तर यायचंय, परत पैसे भरू नका' असं दाखवा आणि मागे सर्व्हर उत्तर विचारत राहू द्या. प्रत्येक खरेदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्या, म्हणजे बटण चारदा दाबलं तरी खरेदी एकदाच होते. पावती ॲपमध्ये कायम दिसावी: तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, आणि शेजारी 'अडचण आहे' हे बटण.

वर्गणी आपोआप कापली जाणार असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. तेवढ्यावर थांबू नका. त्या संदेशातच रद्द करायची सोय द्या. जितक्या टिचक्यांत वर्गणी सुरू होते, तितक्याच टिचक्यांत ती बंद झाली पाहिजे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा फसव्या डिझाइन पद्धतींची यादी जाहीर केली. तिची प्रिंट काढून आपल्या ॲपची प्रत्येक स्क्रीन शेजारी ठेवून बघा. 'फक्त ९ मिनिटं उरली' असं रोज सांगणारी ऑफर खोटी घाई आहे. 'नको, मला हरायला आवडतं' असं लिहिलेलं नकाराचं बटण लाज वाटायला लावणारं आहे. वर्गणीचा सापळा, सारखं टोचत राहणं, जाहिरात खेळाचाच भाग असल्यासारखी लपवणं, हे सगळं त्या यादीत आहे. मोठेही यातून सुटलेले नाहीत. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. त्यातले साडेचोवीस कोटी नको असलेली खरेदी करायला लावणाऱ्या बटणांपायी ग्राहकांना परत करायचे होते, आणि बाकीचे मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याखालचा दंड.

पायरी ६: बोलणं, बायका आणि पोरं

खेळ सोशल आहे म्हणजे सगळ्यांशी सगळं बोलता आलं पाहिजे असं नाही. अनोळखी टेबलावर मजकूर आणि आवाज दोन्ही मुळात बंद ठेवा. ज्याला हवं तो सुरू करेल. त्याऐवजी तयार वाक्यं द्या. इथे खान्देशाची अहिराणी बोली कामाला येते. 'काय भो' एवढं दोन शब्दांचं बटणही टेबल हसवतं, आणि त्यातून कुणाला शिवी देता येत नाही. ही वाक्यं जळगावातल्या ऑफिसात बसून लिहू नका. शिरपूर आणि साक्रीच्या बोलीतही फरक असतो, तो बोलणाऱ्यांकडूनच घ्या.

शिव्यांची यादी करायची तर देवनागरी, रोमन लिपी, मधे टिंबं टाकलेली रूपं, आकडे घातलेली रूपं, मराठी, हिंदी, गुजराती आणि अहिराणी, सगळंच घ्यावं लागतं. आणि तरीही गळतीच. यादीपेक्षा तक्रारीचं बटण मोलाचं. ते दोन टिचक्यांत सापडावं, दाबलं की टेबलावरची शेवटची काही मिनिटं आपोआप सोबत जावीत, तक्रार करणाऱ्याला पुरावा शोधत बसायला लावू नये. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ प्लॅटफॉर्मना तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायला, २४ तासांत पोच द्यायला आणि पंधरा दिवसांत निकाल लावायला सांगितलं होतं; २०२६ मध्ये निकालाची मुदत सात दिवसांवर आली. सात दिवसही गेममध्ये एक युग. शिवीगाळीचा निकाल दुसऱ्या दिवसापर्यंत लावा आणि काय केलं ते तक्रार करणाऱ्याला कळवा. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' म्हणजे निकाल नव्हे. 'त्या खेळाडूला सात दिवस बोलता येणार नाही' हा निकाल.

बायका अशा ॲपवर का टिकत नाहीत, हा प्रश्न टीमला गूढ वाटतो, एवढंच नवल. फोटो आणि खरं नाव सक्तीचं नको. मोबाईल नंबर कुणालाही, कुठल्याही स्क्रीनवर दिसता कामा नये. एखाद्याला अडवलं की तो पुन्हा समोर बसू नये, तिचं प्रोफाइल त्याला सापडू नये, आणि आपण अडवले गेलो हेही त्याला कळू नये. फोनमधली संपर्कयादी मागू नका. ओळखीच्याला बोलवायला एक दुवा पुरतो.

पोरांचा मुद्दा आपल्याकडे फोनपासून सुरू होतो. घरात फोन एक आणि हात चार: बापाच्या नावाचं खातं, दुपारी पोरगा खेळतो, रात्री आई. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांच्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं चालत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. रचना अशी करा: एका फोनवर तीन-चार प्रोफाइल, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, आणि मुलांच्या प्रोफाइलमध्ये गप्पा नाहीत, खरेदी नाही, जाहिरात नाही. खातं पुसून टाकायची सोय ॲपच्या आतच द्या. गुगल आणि ॲपल दोघांच्याही स्टोअरची ती अट आहे.

पायरी ७: ओढ लावायची ती माणसांची

रोज न आल्यास तुटणारी साखळी, फिरतं चाक, 'तुमचे मित्र वाट पाहतायत' असे खोटे संदेश, हे सगळं काढा. यांनी येणारा माणूस खेळायला येत नाही, काहीतरी बुडेल या भीतीने येतो. एक दिवस ती साखळी तुटते आणि तो सुटकेचा श्वास टाकून ॲप काढून टाकतो.

त्याऐवजी ठरलेलं टेबल द्या. उधन्यातला भाऊ, पारोळ्यातला भाऊ, पुण्याचा भाचा आणि नाशिकचा मेहुणा: दर रविवारी रात्री नऊला टेबल आपोआप मांडलं जाईल, चौघांना दहा मिनिटं आधी एक संदेश जाईल, बस. या टेबलाचा स्वतःचा हिशोब राहील, वर्षभरात कुणी कुणाला किती मेंढीकोट दिले त्याचा. त्याला बक्षीस लागत नाही; तो आकडा लग्नात चारचौघांत ऐकवता येतो, तेवढं पुरतं. डाव संपल्यावर शेवटचे दोन-तीन हात परत दाखवा. 'तू तेव्हा हुकूम का नाही टाकला' हे भांडण म्हणजे अर्धा खेळ असतो.

सणांचं भान ठेवा. आखाजीचा आठवडा मोठा. कानबाईच्या वेळी गावाकडे परतलेली माणसं समोरासमोर असतात, तेव्हा एकाच फोनवर गुण मांडायची साधी वहीच जास्त कामाची. आणि शेतीचंही. पेरणीला आणि कापूस वेचणीला संध्याकाळची वर्दळ घटली म्हणून कुणालाही 'आम्ही तुम्हाला मिस करतोय' पाठवू नका. तो माणूस वावरात आहे, तुमच्यावर रुसलेला नाही. आकडे मागच्या महिन्याशी ताडण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी ताडा.

थांबायची सोयही द्या: रोजची वेळमर्यादा, रात्री अकरानंतर संदेश नाहीत, आणि सलग हरणाऱ्याला 'आणखी एक' ऐवजी 'आज पुरे' हे बटण तितकंच मोठं.

भाषेचं थोडक्यात: इंग्रजी स्क्रीनचं भाषांतर करू नका, मराठीतच लिहा. पिसा, काटा, वाटा, उतारी, हुकूम, हात हे शब्द लोकांना येतात. जोडाक्षरं आणि वरच्या-खालच्या मात्रा कापल्या जात नाहीत ना, ते बघायला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा.

पायरी ८: हळूहळू उतरवा

सगळं एकाच दिवशी बदललं, तर काय कामी आलं ते कधीच कळणार नाही, आणि जुन्या माणसाला आपलं घर कुणीतरी आवरून ठेवल्यासारखं वाटेल. क्रम असा: आधी नेट तुटण्याची आणि पेमेंटची दुरुस्ती, कारण त्याला कुणाचाच विरोध नसतो. मग काटणं आणि डाव तपासणं. मग बोलण्याचे नवे नियम. टेबलावरचे कॉईन मात्र कायद्याचा प्रश्न आहे, ते रांगेत थांबवू नका. लोकांकडे साठलेल्या कॉईनचं काय होणार ते आधी लिहून कळवा: वर्गणीचे महिने किंवा शोभेच्या वस्तू घेऊ द्या, आणि नुकत्याच झालेल्या खरेदीचे पैसे परत करा.

अर्ध्यांना जुनं आणि अर्ध्यांना नवं दाखवून तुलना करायचा मोह होईल. पण हिशोब करा. सातव्या दिवशी टिकणारे २० टक्क्यांवरून २२ टक्के झाले, हे खात्रीने सांगायला प्रत्येक गटात सुमारे साडेसहा हजार नवे खेळाडू लागतात. तुमच्याकडे तेवढे नसतील तर बटणाचा रंग तपासत बसू नका. मोठे बदल करा, एका तालुक्यात किंवा काही टेबलांवर आधी उतरवा, आणि परत त्याच दहा-बारा जणांशेजारी जाऊन बसा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकूण खेळण्याचे तास घटतील. साखळ्या, चाकं आणि कॉईन काढल्यावर ते घटणारच. कितीपर्यंत घट सोसायची हा आकडा बदल उतरवायच्या आधी कागदावर लिहा, सगळ्यांची सही घ्या; नाहीतर तिसऱ्या आठवड्यात टीममधला कुणीतरी घाबरून फिरतं चाक परत आणेल. त्या काळात बघायचे आकडे दोनच: हरलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी आलेले किती, आणि दर हजार डावांमागे 'सेट आहे' म्हणणारे किती. पहिला वर आणि दुसरा खाली जात असेल, तर तासांकडे पुढच्या आखाजीपर्यंत बघू नका.